पेवाच्या जागेतला डबा

जमिनीतून वर काढलेल्या हवेच्या पाइपातून बापूंचा आवाज आला, "सिस्टर, माझी खाट सरकून राहिली."

सिस्टर परसदारी सावलीला गहू निवडत बसल्या होत्या. त्यांना वाटलं, बापूंची नेहमीची चेष्टा. मान वर न करता त्या म्हणाल्या, "सरकू द्या. गप झोपा."

मी जिन्याच्या तोंडाशी कठड्याचा पाइप धरून उभी होते. कठडा वेल्डिंग करायला आले होते, पण लाइट गेली होती. लाइट यायची वाट बघत होते. तेवढ्यात खालून आवाज आला. लोखंड विटेला घासल्यावर येतो तसा. करर्र. थांबला. मग परत.

सिस्टरनी सूप खाली ठेवलं. "जमिनीचा आवाज हाय का गं?"

आमच्या भागात अधूनमधून जमिनीतून गुडगुड येते. भांडी वाजतात, लोक घराबाहेर पळतात. पण तो आवाज एका दणक्यात येतो आणि जातो. हा थांबून थांबून येत होता. मी वाकून खाली पाहिलं. जिन्याच्या शेवटच्या पायऱ्या पाण्यात होत्या. पाणी गढूळ नव्हतं. स्वच्छ होतं, हिरीत झिरपतं तसं.

खाली बापूंची खोली होती. जमिनीत पुरलेला लोखंडी डबा. आणि तो डबा हलत होता.

मी वेल्डिंग करते. शाळा चौथीपर्यंत झाली. औंढ्याच्या रस्त्याला आमचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. म्हणजे गेट, खिडक्या, पत्र्याचे शेड, ट्रॉलीची दुरुस्ती. माप घेणं आणि गिऱ्हाइकाशी बोलणं हे आमच्या ह्यांचं काम. जोडकाम माझं. मला माणसांशी बोलायला जमत नाही. समोर कोणी आलं की मी हातातल्या कामाकडंच बघते. वेल्डिंगचा मुखवटा तोंडावर ओढला की बरं वाटतं. आतून आपल्याला ठिणगी दिसते, बाहेरून आपलं तोंड कोणाला दिसत नाही.

बापू एसटीचे ड्रायव्हर होते. सिस्टर म्हणजे त्यांच्या मंडळी, सुमनबाई. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून सगळा गाव त्यांना सिस्टर म्हणतो. बापूसुद्धा. दोघं रिटायर होऊन गावी आले. गाव सिद्धेश्वरच्या धरणाखालचं. बापूंना आधी लकवा येऊन गेला होता. उजवी बाजू लुळी, जीभ मात्र ठीक झाली. जरा जास्तच ठीक झाली, असं सिस्टर म्हणतात.

आदल्या उन्हाळ्यात बापूंना ऊन लागलं. पत्र्याचं घर, दुपारची लाइट नाही, कूलर नुसता शोभेला. ताप डोक्यात चढला आणि दवाखान्यात ते दोन दिवस कोणाला ओळखत नव्हते. डॉक्टरांनी सिस्टरना बाजूला घेऊन सांगितलं, पुढच्या उन्हाळ्यात परत असं झालं तर हे परत येणार नाहीत. सिस्टर स्वतः नर्स. त्यांना जास्त समजावून सांगायची गरज नव्हती.

म्हणून ही खोली. लाइट नसली तरी जमिनीखाली थंड राहतं. त्यांचा मुलगा मुंबईकडं बंदराजवळ कंटेनरच्या यार्डात कामाला आहे. जहाजावरून माल येतो तो मोठा लोखंडी डबा म्हणजे कंटेनर. त्यानं भंगारात निघालेला एक डबा ट्रेलरवर घालून पाठवला. गावाला करमणूक झाली. बापू ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या सिस्टरनं मला जित्तेपणीच गाडायचं ठरवलं. पेटीबी आली."

सिस्टर आतून म्हणायच्या, "पेटी आली, पन गाडायचा मुहूर्त तुमच्या जिभेमुळं टळून राहिला."

जागेचा प्रश्न शेजारच्या नामदेव आबांनी सोडवला. ही जागा पूर्वी त्यांच्या घरची होती. परसात एक खोलगट भाग दाखवून आबा म्हणाले, "इथं आमचं पेव होतं."

पेव म्हणजे जमिनीत खणलेली धान्याची कोठी. तोंड अरुंद, आत पोट मोठं. ज्वारी भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं.

"चार चार वर्सं ज्वारी राह्यची यात," आबा म्हणाले. "एक दाना काळा पडला न्हाई. कोरडी ठणठणीत जागा. डोळे झाकून खणा."

खणलं तर वर काळी माती, खाली मुरूम, आणि कुठं ओलीचा पत्ता नाही. रहीमभाई आमच्याकडचे जुने गवंडी. त्यांनी मुरूम मुठीत चोळून उधळला. "एकदम सूखा," म्हणाले. झालं. सगळ्यांची खात्री पटली. आमचीही.

लोकांना वाटतं डबा लोखंडाचा, म्हणजे पुरला की काम झालं. तसं नसतं. कंटेनरचा सगळा जोर चार कोपऱ्यांच्या खांबांत असतो. वर दुसरे डबे रचा, तो उभा राहतो. बाजूच्या भिंती मात्र पत्र्याच्या. आमची काळी माती पाणी पिली की फुगते आणि जे समोर येईल त्याला रेटते. नुसता डबा पुरला तर त्याचं पोट आत जाईल. म्हणून रहीमभाईंनी खड्ड्याच्या चारी बाजूंनी विटांची भिंत बांधली आणि डबा तिच्या आत, हातभर जागा सोडून ठेवला. मातीचा रेटा भिंतीनं घ्यायचा. वर त्या भिंतींवर लोखंडी गर्डर टाकून छत करायचं आणि छतावर माती टाकायची होती. म्हणजे डब्यावर ना बाजूनं भार, ना वरून.

माझं काम डब्याचं. खालची प्लायवूडची जमीन काढली, कारण तिला औषधाचा वास मारत होता. तिच्या जागी जाड पत्रा टाकला आणि सगळा जोड सलग वेल्डिंग करून बंद केला. पुढच्या बाजूला माणसाचं दार बसवलं. बापू वॉकर धरून चालतात, आत जागा अडायला नको म्हणून दार बाहेर उघडणारं ठेवलं. विंचू-काटा आत येऊ नये म्हणून दाराला चारी बाजूंनी रबर. हवेसाठी डब्याच्या टपातून दोन पाइप वर काढले आणि त्यांची खालची टोकं आत खाटेच्या उंचीपर्यंत सोडली. शेवटी आत पाणी ओतून पाहिलं. एक थेंब बाहेर आला नाही. आमचे हे सिस्टरना म्हणाले, "आता यात समुद्राचं पानी बी शिरनार न्हाई."

छत व्हायचं होतं. पण ऊन आधी आलं. सिस्टर थांबायला तयार नव्हत्या. वर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, मांडव घातला आणि दुपारपुरतं बापूंना खाली न्यायला लागलो. खरंच थंड होतं. बापू पाइपातून गाणी म्हणायचे, वर परसात ऐकू यायची.

आणि त्या दिवशी पायऱ्या पाण्यात होत्या.

आमचे हे गर्डर आणायला हिंगोलीला गेलेले. मी फोन लावला, लागला नाही. रहीमभाई मांडवाच्या कडेला जेवणाचा डबा सोडून बसले होते, ते हात न धुता पळत आले. आमच्या हाका ऐकून आबा आणि गल्लीतले बाप्ये आले.

सिस्टर खाली उतरल्या आणि दार ओढलं. दार हललं नाही. डबा पाण्यावर तरंगून वर येता येता पुढं सरकला होता आणि दाराची कड जिन्याच्या बाजूच्या भिंतीत अडकली होती. बाहेर पाणी घोट्याच्या वर. आत बापू.

सिस्टर वर आल्या आणि पाइपाला तोंड लावलं. "आत पानी हाय का?"

"न्हाई. आत कोरडं ठणठणीत," बापू म्हणाले. "पन गाडी हलून राहिली. हँडब्रेक कोनी काढला?"

"तुमाला चक्कर आली का?"

"चक्कर तुमी मला आनली. काय चालू हाय वर?"

पाणी कुठून आलं ते आबांनी सांगितलं. सांगताना त्यांचा चेहरा उतरला होता. "कालव्याला पाळी सुटली परवा." धरणातून कालव्यात ठरलेल्या वेळी पाणी सोडतात, त्याला आमच्याकडं पाळी म्हणतात. पाळी सुटली की कालव्याकाठच्या हिरींना पाणी चढतं. हे गावात लेकरालाही माहीत आहे. पण हीर ती हीर आणि पेव ते पेव. पेवात पाणी चढेल हे कोणाच्या मनात आलं नव्हतं.

मोटर लावून पाणी उपसावं म्हटलं तर लाइट नाही.

रहीमभाई भिंतीला हात लावून फिरत होते. डबा वर येताना एका कोपऱ्यानं भिंतीला रेटत होता. विटेत बारीक चीर पडली होती. ते माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, "भाभी, दिवार गई तो पीछे की मिट्टी पूरी अंदर आती. फिर दरवाजा भूल जाओ."

मला ते समजत होतं. मी कठड्याचा पाइप उगाच या हातातून त्या हातात घेत होते.

तेवढ्यात आबा ओरडले, "वजन टाका रे वजन! चढा सगळे वर!"

एक चढला, त्याच्यामागं दुसरा, मग जो आला तो चढला. सगळे जिन्याच्या बाजूनंच चढले, कारण तिकडून चढायला सोपं. डबा तिकडून खाली गेला आणि मागची बाजू वर उचलली. कोपरा भिंतीला असा घासला की विटेचा तुकडा पाण्यात पडला. आत धाडदिशी काहीतरी आदळलं.

"बापू!" सिस्टर किंचाळल्या.

त्यांनी पाइपाला कान लावला. मग आवाज आला. "टपावर कोन चढलं? आपन टपावर सीट घेत न्हाई. उतरवा त्यांना." आवाज थट्टेचा होता, पण पातळ झाला होता. मग म्हणाले, "सिस्टर, खाट दारापाशी आली. मी कशाला तरी धरून हाय."

त्या माणसांना उतरवायला पाहिजे होतं. मी तोंड उघडलं. आवाज निघाला, पण मलाच नीट ऐकू आला नाही. ते सगळे एकाच वेळी बोलत होते. कोणी म्हणत होतं अजून दोघं चढा, कोणी म्हणत होतं उड्या मारा. मी हातोडा उचलला आणि डब्याच्या कोपऱ्यावर हाणला. दुसऱ्यांदा हाणला. सगळे गप्प झाले.

"उतरा," मी म्हणाले. "एकदम नका. एक इकडून, एक तिकडून."

आबा म्हणाले, "आन मंग डबा वर आला तर?"

माणसं एकेक करून उतरत होती. मी फक्त एवढं बघत होते की वजनानं तो तिरका होतोय.

उत्तर सिस्टरनी दिलं. त्या पाइपाजवळ बसल्या होत्या, उठून उभ्या राहिल्या. "रिकामी घागर हिरीत तरंगती," त्या म्हणाल्या. "आडवी करून भरली की बुडती. पानी आत घ्या."

"आत बापू हायेत," आबा म्हणाले.

"त्यांचे पाय भिजतील. भिजलेले पाय पुसता येतात मला." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "कुठून घेता येईल पानी? काम तुजं हाय, तुला माहीत."

गॅस कटर दुकानात होता. आणि असता तरी बंद डब्यात माणूस असताना ज्योत लावायची नाही, आत धूर कोंडतो. डब्याला खालच्या बाजूला भोक नव्हतं. मी एकही ठेवलं नव्हतं. जितका पक्का जोड, तितकी पक्की नाव झाली होती. एकच जागा होती जिथं लोखंड लोखंडाला जोडलेलं नव्हतं. दाराचं रबर.

मी जिन्यानं खाली गेले. साडी खोचली आणि पाण्यात गुडघे टेकले. दाराची खालची कड पाण्याखाली होती. हातानं चाचपून रबराचं टोक शोधलं. ते मी चिकटवून वर पट्टी मारून बसवलं होतं. पट्टीचे स्क्रू दिसत नव्हते, बोटानं शोधून पेचकस लावावा लागला. पेचकस घसरायचा. मागून डबा करर्र करायचा, आणि जिन्याची भिंत माझ्या खांद्याला लागून होती. त्या भिंतीमागं काय आहे ते मला आठवू द्यायचं नव्हतं, तरी आठवत होतं.

पट्टी सुटली. रबर पकडीत धरून ओढलं. आधी बोटभर आलं, मग एकदम हातभर. पाण्याला वाट मिळाली. ते आत शिरताना सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला.

वरून पाइपातलं बोलणं मला खाली ऐकू येत होतं.

"सिस्टर, पानी येऊन राहिलं!"

"येऊ द्या. आमीच सोडलं. पाय वर घ्या."

"एकच पाय ऐकतो माझं."

"मंग तो घ्या. दुसरा भिजू द्या. मी हाय इथंच."

"इथंच म्हंजे वरच ना?"

सिस्टर जिन्यानं खाली आल्या आणि माझ्या मागं पाण्यात येऊन उभ्या राहिल्या. दोघींना जागा नव्हती. त्यांचा श्वास मला मानेवर लागत होता. पाणी किती वेळ शिरत होतं ते मला सांगता येणार नाही. मला ते फार हळू वाटलं. मग डबा हलायचा थांबला. मग हळूच बसला. आधी मागून, मग पुढून. रहीमभाईंनी वरून सब्बल घालून त्याला मागं रेटलं आणि दाराची कड भिंतीतून सुटली.

आत बापू खाटेवर आडवे, डाव्या हातानं हवेच्या पाइपाला धरलेलं. पाणी खाटेच्या दोरीला लागलं होतं. चेहरा पांढरा पडला होता. सिस्टरनी पहिल्यांदा नाडी बघितली, मग रडल्या. दोघा-तिघांनी बापूंना उचलून वर आणलं.

बापू ओट्यावर टेकले तेव्हा सिस्टरनी आबांना गाठलं. "तुमचं पेव कोरडं होतं म्हणलेत."

"कोरडंच होतं."

"मंग बुजवलं काहून?"

आबा टोपी काढून डोकं खाजवायला लागले. "कालवा आल्यावर दोन वर्सं ज्वारी सडली. मंग बुजवलं."

"हे आदी काहून न्हाई सांगितलं?"

"तुमी इचारलं पेव कसं होतं. मी आज्याच्या टायमाचं सांगितलं. त्या टायमाला कालवा कुठं होता?"

भांडायला कोणाच्या अंगात जोर नव्हता. रहीमभाई तेवढे म्हणाले, "आबा, तुमचा आज्जा बराबर होता." आणि हात धुवायला गेले.

संध्याकाळी आमचे हे गर्डर घेऊन आले. भिजलेला डबा पाहून त्यांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, क्रेन बोलवू, डबा काढू, खड्डा बुजवू. सिस्टर नाही म्हणाल्या. ऊन अजून पुढंच होतं. बापू परत पत्र्याखाली आले होते. चार दिवसांत एका दुपारी त्यांचं अंग तापलं आणि ते सिस्टरना दुसऱ्याच नावानं हाक मारायला लागले. सिस्टर ओल्या चादरी बदलत होत्या आणि मी दुकानात गेटच्या कामाला बसले होते, पण वेल्डिंगचे टाके वाकडे येत होते. मी मुखवटा काढून ठेवला आणि ह्यांना म्हणाले, चला, आधी ते काम.

पाळी बंद झाली, पाणी उतरलं. मग क्रेननं डबा उचलला, काढून टाकायला नाही, खाली नीट बसवायला. रहीमभाईंनी तळाला काँक्रीट टाकलं. मी डब्याच्या चार कोपऱ्यांना लोखंडी पाय जोडले आणि ते ओल्या काँक्रीटमध्ये रोवले, म्हणजे डबा जमिनीला धरून राहील. आत पत्र्यावरही काँक्रीटचा थर टाकला, वजनासाठी. डब्याबाहेर, भिंतीच्या एका कोपऱ्यात पाणी गोळा व्हायला कमरेएवढा खोल खड्डा ठेवला, त्यात मोटर. लाइट नसेल तेव्हासाठी डिझेलचा पंप. दार आत उघडणारं केलं. चिरलेली भिंत उतरवून नवी बांधली आणि मग गर्डर चढवले. आम्ही सकाळी अंधारात सुरू करायचो आणि ऊन चढलं की थांबायचो. मध्येमध्ये मी ओट्याकडं बघायची, बापूंची छाती हलते का म्हणून.

पुढची पाळी सुटली तेव्हा मी आणि रहीमभाई दोघंही सकाळपासून तिथंच होतो. कोणी बोलावलं नव्हतं. पाणी आलं, कोपऱ्यातल्या खड्ड्यात जमलं, मोटरनं ओढलं. डबा जागचा हलला नाही. दुपारी सिस्टरनी बापूंना खाली नेलं. थोड्या वेळानं पाइपातून घोरण्याचा आवाज आला. सिस्टर पाइपाजवळच बसून राहिल्या, सूप मांडीवर घेऊन. पाऊस लागेपर्यंत बापू रोज दुपारी खाली झोपले. त्या उन्हाळ्यात त्यांना परत दवाखान्यात न्यावं लागलं नाही.

हे काम बघून दोघं-तिघं आमच्याकडं आले. आम्हालाही जमिनीत खोली पाहिजे म्हणाले. आता बोलायचं काम अजून आमच्या ह्यांचंच आहे, पण पहिला प्रश्न माझा असतो. तुमच्या इथं कालवा किती लांब आहे? मग आमचे हे सांगतात, खड्डा खणा, आणि एक पाळी येऊन जाईपर्यंत उघडा ठेवा. मग आम्हाला बोलवा. एक जण चिडून म्हणाला, खड्डा कोरडा आहे, या आणि बघा.

आम्ही गेलो नाही. कोरडा खड्डा आम्ही आधीच बघितलेला होता.